बघून घेते

घरातून निघताना आपल्याकडे कुणी ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतात. ती मात्र ‘बघून घेते’ म्हणायची. दुधाची पिशवी आणायला निघाली तरी चपला सरकवत, उंबऱ्यावरून मान वळवून, ‘आई, बघून घेते.’ ऐकणाऱ्याला वाटावं, दूधवाल्याचं आज काही खरं नाही.

तुम्ही-आम्ही ‘बघून घेईन’ म्हणतो ते भांडणात, आणि तेही बहुधा हरल्यावर. तिच्या तोंडी त्या शब्दात दोन्ही असायचं, डोळे भरून बघणंही आणि धमकीही. कुठलं किती, ते मला कधी नीट मोजता आलं नाही. तिचं नाव मी सांगणार नाही, कारण तिची आई अजून माझ्या बायकोच्या साड्यांना फॉल लावते आणि मला घरात शांतता हवी आहे.

मी गाईड. वेरूळ, अजिंठा, दौलताबाद आणि घरामागचा मकबरा. तरुणपणी पुण्यात राहून जर्मन शिकलो आणि तेव्हापासून जर्मन बोलणाऱ्या पाहुण्यांना आमचं गाव दाखवतो आहे. त्यांच्या पुस्तकात औरंगाबाद असतं, आमच्या पाटीवर संभाजीनगर. मी दोन्ही सांगतो आणि पुढे चालायला लागतो. त्यांचं गाव मी कधी बघितलेलं नाही. माझी बायको मला ‘विमानात न बसलेला जर्मन’ म्हणते.

बेगमपुऱ्यात आमच्या मागच्या गल्लीत तिचं घर. माणसं मूळची फुलंब्रीकडची. वडील वाळूजला कंपनीची बस चालवायचे, शिफ्टची माणसं न्यायची आणि आणायची. आई गुलमंडीतल्या एका साडीच्या दुकानाचं फॉल-पिकोचं काम घरी करायची. दारावरून जाताना मशीनचा आवाज आला नाही तर बाईंना बरं नाही असं समजायचं. पोरगी बी.कॉम. झाली होती आणि घरी बसून स्थळांची वाट बघत होती. म्हणजे घरचे बघत होते.

आता जरा माझ्याबरोबर मकबऱ्यात चला.

एका दुपारी मी एका म्हाताऱ्या जोडप्याला घेऊन तिथे उभा होतो. घुमटाचा संगमरवर कुठे संपतो आणि चुन्याचा गिलावा कुठे सुरू होतो ते दाखवत होतो. पाहतो तर कारंज्याच्या कोरड्या हौदाच्या काठावर ही बसलेली. काठापदराची साडी, केसांत गजरा, तोंडाला पावडर. हातात तिकीट. मी पाहुण्यांना फोटो काढायला सोडलं आणि तिला विचारलं, इथे कशी?

“मला बघायला लोक आलेत घरी,” ती म्हणाली. “म्हणून मी मकबरा बघायला आले.”

मग हळूहळू सगळं कळलं. पोहे झाले, नाव-गाव विचारून झालं. मुलाच्या मावशीने सांगितलं, जरा चालून दाखव. पाय अधू नाही ना, ते बघायचं होतं. ही उठली, बैठकीतून चालत दारापर्यंत गेली, दारात चपला घातल्या आणि चालतच राहिली. गल्ली ओलांडली, रस्ता ओलांडला, तिकीट काढलं आणि आत आली. पाळण्यात असल्यापासून खिडकीतून तो घुमट बघत होती, पण शाळेची सहल सोडली तर आत पाऊल टाकलेलं नव्हतं. तिकडे घरात सगळे अजून दाराकडे बघत बसले असतील, म्हणाली.

मला हसू आवरेना. तीही हसली आणि मग माझ्या पाहुण्यांकडे बघत राहिली. ती म्हातारी बाई काठी टेकत, एकेका जाळीपाशी थांबून, बोट फिरवून बघत होती. कुणी तिला घाई करत नव्हतं.

“काका, आपल्याकडं स्थळं नुसती घरी येत्यात,” ती म्हणाली. “आपण स्थळं बघायला कामून जायचं नाय?”

मी उभा जन्म ‘प्रेक्षणीय स्थळ’ हा शब्द वापरतो आहे. सोयरिकीच्या स्थळाशी तो असा कधी जोडून बघितला नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आमच्या ओट्यावर हजर. जर्मन शिकवा, लई घाई आहे.

घाई कशाची, तर तिने मोबाइलवर शोधून काढलं होतं. परदेशात एखाद्या घरी वर्षभर राहायचं, त्यांची मुलं सांभाळायची. बदल्यात राहणं, जेवण, थोडा हातखर्च आणि आठवड्याची सुट्टी. याला ते लोक ओ-पेअर म्हणतात. तिला व्हिएन्नात एक घर मिळत होतं. आई डॉक्टर, वडील कुठेतरी शिकवणारे, थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. अट एकच, थोडी जर्मन यायला हवी.

माझ्याकडे जी जर्मन होती ती मी तिला दिली. ती होती गाईडची जर्मन. थोड्या दिवसांत कैलास लेणं वरून खाली कसं कोरलं ते तिला घडाघडा सांगता यायला लागलं, पण मीठ मागता येत नव्हतं. परीक्षेत तिला म्हणाले, तुमच्या गावाबद्दल सांगा. तिने परीक्षकांना तिकीटखिडकीपासून जे आत नेलं ते बाहेर सोडलंच नाही. पास झाली.

माझं एक ठरलेलं वाक्य आहे. वेरूळला भिक्षूंच्या खोल्यांची दारं बुटकी आहेत आणि उंच पाहुणे हटकून कपाळ आपटून घेतात. तिथे मी हात वर करून म्हणतो, “मंडळी, डोकं सांभाळा. दगड आधी आलाय, आपण नंतर.” हे वाक्य तिला इतकं आवडलं की आमच्या स्वयंपाकघराच्या दारातही ती ते जर्मनमधून म्हणायची. आमचं दार चांगलं उंच आहे.

घरी तिने वडिलांना समजावलं. आईला समजावण्याची हिंमत तिलाही नव्हती, ते काम वडिलांवर पडलं. वडील भला माणूस, पण कान वाळूजचे. तिकडे जो तो कुठल्या ना कुठल्या मशीनवर ऑपरेटर असतो. पोरीने ‘ओ-पेअर’ म्हटलं, ते त्यांना ‘ऑपरेटर’ ऐकू आलं. आईला सांगितलं, बसमध्ये सांगितलं, फुलंब्रीला भावकीत सांगितलं, पोरगी परदेशात ऑपरेटर म्हणून चालली आहे, वर्षाचं काँट्रॅक्ट आहे. लोकांनी पेढे मागितले. तोवर पोरीने नीट उलगडून सांगितलं, पण पेढे वाटून झाले होते.

आईने खरं ऐकून घेतलं आणि मशीनवर पुन्हा पाय ठेवला. “ऑपरेटरच सांगायचं,” ती म्हणाली. “दुसऱ्याच्या घरची पोरं सांभाळायला पोरगी धाडली, असं माझ्या तोंडून निघायचं नाय.” वडिलांनी एकच अट घातली, वर्ष झालं की परत यायचं आणि एकदा तरी नीट बघण्याला बसायचं. पोरीने कबूल केलं.

निघायच्या दिवशी आमच्या शेजारच्या खाला बाहेर आल्या. तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “जा बेटी, सब देख को आ.” ती आत वळून आईला ‘बघून घेते’ म्हणाली. आई मान हलवून ‘हं’ म्हणाली.

तिच्या घरासमोर एक काकू राहतात. त्यांच्या खिडकीला पडदा नाही, कारण त्या खिडकीत कायम त्याच असतात. त्यांचा पुतण्या पुण्यात असतो, त्याने त्यांना ओ-पेअरचा खरा अर्थ सांगितला. झालं. भाजीच्या गाड्याभोवती रोज दोन पक्ष पडायला लागले. आई म्हणायची ऑपरेटर, काकू म्हणायच्या आया. भाजीवाला दोघींनाही कोथिंबीर द्यायचा.

तिकडून मला बोललेले निरोप यायचे. मी वेरूळला वडाखाली पाहुण्यांची वाट बघत बसलेला असे आणि फोन कानाला लावला की ट्रामची घंटा ऐकू यायची. मग ती, माझ्याच थाटात: “काका, आपण आता जुन्या गावात आलो आहोत. डावीकडं बघा.” आणि मी खरंच डावीकडे बघायचो. डावीकडे माकड बसलेलं असायचं. तुम्हाला सांगतो, मला तिचा हेवा वाटायचा आणि तो हेवा मला आवडायचाही.

सुरुवातीला फजिती फार झाली. पोरांना अंघोळीला बोलवायचं तर तिला शब्द सुचेनात, तेव्हा जे येत होतं ते बोलली, “सभ्य स्त्री-पुरुषहो, कृपया पादत्राणं काढा, आपण आत प्रवेश करत आहोत.” पोरं हसून जमिनीवर लोळली आणि मुकाट अंघोळीला गेली. त्यानंतर त्या घरात तसंच बोलायची रीत पडली. दुमजली पलंगाच्या खालच्या मजल्यावर झोपताना ‘डोकं सांभाळा’ झाल्याशिवाय धाकटी आत शिरायची नाही.

पण सुट्टीचा दिवस तिचा. त्या दिवसाला ती कुणाला हात लावू द्यायची नाही. सकाळी आवरून दारात उभी राहायची आणि आमच्या गल्लीत म्हणायची तसं मराठीतच सांगायची, ‘बघून घेते’. मग ट्रामने गावाला चक्कर. तिथे जुना कोट पाडून त्या जागी गोल रस्ता केला आहे. ती म्हणाली, “यांनी कोट पाडला आणि रस्ता केला. आपण कोट पाडला, दरवाजे ठेवले आणि रोज त्यात ट्रक अडकवतो.” मोठ्या चर्चच्या छपरावर रंगीत कौलांची नक्षी आहे, कुणीतरी वर हिमरू शाल वाळत घातली आहे, असं तिचं मत. नदीबद्दल मात्र ती नाराज होती. सगळे निळी-निळी म्हणतात, निळी नाहीच. “आपल्या खाम नदीसारखी नाय, पण निळीबी नाय,” असा निकाल दिला.

पिवळा राजवाडा बघायला गेली तेव्हा तिकीट काढून एका गाईडच्या मागे मागे फिरली. नंतर मला त्याची तक्रार. गाईड कच्चा आहे, पाहुण्यांकडे पाठ करून बोलतो. आणि हा महाल म्हणे फ्रान्सच्या राजाच्या महालावर वरताण करायला काढला होता, मग जमेल तेवढा बांधला. “म्हणजे आपल्या मकबऱ्याचा भाऊच की, काका. मकबऱ्याला लोक ताजमहालाशी ताडून बघत्यात, तसं यालाबी त्या फ्रान्सच्या महालाशी बघत असतील. दोघांनाबी सांगायला पायजे, कुणाशी ताडून घेऊ नका.” तो निरोप मी जपून ठेवला आहे.

एकदा सुट्टीच्याच दिवशी त्या डॉक्टरबाईंना अचानक दवाखान्यात जावं लागणार होतं. आज पोरांकडे बघशील का, विचारलं. हिने सांगितलं, आज माझा बघायचा दिवस आहे. बाईंनी नवऱ्यावर निभावलं. पुन्हा तसंच झालं, पुन्हा हेच उत्तर. तिसऱ्यांदा बाई रडकुंडीला आल्या, तेव्हा ही म्हणाली, ठीक आहे, मी थांबणार नाही, पण पोरांना बरोबर नेते. आणि निघाली. छत्रीच्या टोकाला भगवी ओढणी बांधली, छत्री वर धरली आणि पोरांना मागे लावून गाव दाखवायला लागली. कुठल्या कमानीखाली ‘डोकं सांभाळा’, कुठल्या पुतळ्यापाशी ‘प्रश्न शेवटी विचारा’. छत्री बघून तीन-चार परके प्रवासीही मागे लागले आणि अर्धा तास तिच्याबरोबर फिरले. पोरांनी घरी येऊन आईला सांगितलं की आपलं गाव फार मोठं आहे, तुला माहीत होतं का?

बाईंनी त्यानंतर तिच्या सुट्टीचा दिवस कधी मागितला नाही. पोरं मात्र मागायची. महिन्यातून एक सुट्टी तिने त्यांना दिली, बाकीच्या स्वतःला ठेवल्या.

वर्ष संपलं आणि ती कबूल केल्याप्रमाणे परत आली. अंगाने जराशी भरली होती आणि चालताना सगळीकडे वर बघायची, छज्ज्यांकडे, कमानींकडे. मी म्हटलं, गाईड झालीस. तोवर इकडे स्थळ तयारच होतं. मुलगा फुलंब्रीचा, वाळूजला कंपनीत, चांगला पगार. आईने मला मुद्दाम बोलावलं. वडीलधारं कुणीतरी बसायला हवं होतं आणि ऑपरेटरचं काही निघालं तर सावरायलाही.

आदल्या संध्याकाळी पोरगी ओट्यावर येऊन बसली. मला वाटलं, लग्नाला घाबरली असेल. तिचं भलतंच होतं. लग्न झालं काय, न झालं काय, ती म्हणाली, मला त्याचं एवढं नाही. “आईनं एकदा तोंडानं म्हणावं, माझी पोरगी पोरं सांभाळत होती. गल्लीत, चारचौघांत. मी चोरी करून आले का? वर्षभर दोन लेकरं पडू दिली नायत, आजारी पडली तर रात्र-रात्र मांडीवर घेतली. ते सांगायला लाज, अन् न चालवलेलं मशीन सांगायला अभिमान.” तिचे डोळे भरले होते, पण आवाज चढलेला होता. मी चहा टाकायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी बैठक भरली. मुलगा सरळ होता, लाजरा. मावशी इथेही होती. प्रत्येक स्थळाबरोबर एक मावशी येते असा माझा अनुभव आहे. आईने पोह्यांच्या बशा देताना सांगून टाकलं, पोरगी परदेशात ऑपरेटर होती. मुलाचा चेहरा उजळला. त्याला पहिल्यांदा बोलायला काहीतरी सापडलं. मोठ्या आस्थेने त्याने विचारलं, “मशीन कोणतं होतं? सीएनसी का प्रेस?”

आई माझ्याकडे बघायला लागली. मी पोह्यातलं लिंबू शोधायला लागलो.

“मशीन नव्हतं,” ती म्हणाली. “दोन पोरं होती. थोरलं शाळेत सोडायचं, धाकटं कडेवर. भरवायचं, धुवायचं, निजवायचं. अन् सुट्टीच्या दिवशी सगळं शहर बघून घ्यायचं.”

मावशी म्हणाली, म्हणजे आयाच की. ती म्हणाली, व्हय, आया. मावशीने मग मुलाच्या आईकडे बघितलं, मुलाच्या आईने छताकडे. मग तीच उठून उभी राहिली.

“चालून दाखवायचं असंल तर दाखवते. पण मी चालायला लागले की लई लांब जाते.”

मुलगा खो-खो हसला. अगदी मनापासून. मावशीने त्याच्याकडे असं बघितलं की उरलेले पोहे त्याने खाली मान घालून संपवले. आठवड्याभरात मध्यस्थाकरवी नकार आला. मुलगा बरा होता, मला अजून वाटतं, पण त्याच्या घरात त्याला कोण विचारणार?

आई तिच्याशी बोलेनाशी झाली. भाजीच्या गाड्यावर जायचीही बंद झाली. वडील संध्याकाळी येताना भाजी आणायला लागले. काकू खिडकीतून सगळ्यांना सांगत होत्या की मी आधीच म्हणत होते. पोरीने तेवढ्यात तिकडेच बालवाडीच्या शिक्षिकेचं शिक्षण घ्यायचं ठरवलं. डॉक्टरबाईंनी जागा शोधायला मदत केली. या वेळी वडिलांनी अट घातली नाही.

दुसऱ्यांदा निघाली तेव्हा मी दाराशी होतो. आई मशीनवर बसलेली होती. पोरीने बॅग उचलली, उंबऱ्यावरून मान वळवली आणि म्हणाली, “आई, बघून घेते.” मशीन चालू राहिलं. तिने थोडं थांबून बघितलं, मग वडिलांच्या मागे निघून गेली. मला त्या बाईचा राग आला आणि तेवढ्यात दिसलं की मशीनखालून साडी सरकतच नव्हती. सुई एकाच जागी वरखाली होत होती.

याला दीड-दोन वर्षं झाली. ती अजून तिकडेच आहे. निरोप येतात, पूर्वीपेक्षा कमी. काम वाढलं आहे. आईशी फोनवर बोलते ते जेवलीस का, थंडी आहे का, एवढंच. ओट्यावर संध्याकाळी मला चुकल्यासारखं होतं. बायको म्हणते, एखाद्या दुसऱ्या पोराला शिकवा. शिकवतोही, पण त्यांना गाईडची जर्मन नको असते, नोकरीची हवी असते.

या थंडीत ते व्हिएन्नाचं कुटुंब आमच्याकडे आलं. पोरांनी हट्ट धरला होता की तिचं गाव बघायचं. तिला सुट्टी मिळाली नाही. तिने मला कळवलं, काका, माझी पोरं तुमच्या हवाली करते आहे.

सकाळी त्यांना वेरूळला नेलं. भिक्षूंच्या खोलीपाशी आलो आणि मी सवयीने हात वर करणार, एवढ्यात थोरल्याने हात वर केला. बापाला अडवलं आणि म्हणाला, “मंडळी, डोकं सांभाळा. दगड आधी आलाय, आपण नंतर.” माझ्याच चालीत, माझ्याच ठिकाणी थांबून. डॉक्टरबाई हसत म्हणाल्या, त्या वाक्यात व्याकरणाची एक चूक आहे, पण पोरं ती सुधारू देत नाहीत. एवढ्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. मी खांबाला टेकून उभा राहिलो. त्या पोरीने माझी चूकसुद्धा जशीच्या तशी व्हिएन्नाला नेली, जपली आणि दोन लेकरांच्या तोंडी वेरूळला परत पाठवली. डोळे पुसले आणि पाहुण्यांना सांगितलं की धूळ फार आहे.

संध्याकाळी तिच्या घरी जायचं होतं. तिच्या आईने मला आधीच गाठलं. “भाऊ, गल्लीत कुणी इचारलं तर काय सांगू? कंपनीचे साहेब आलेत म्हणून सांगू का?” मी म्हटलं, वहिनी, तुम्हाला पटेल ते सांगा. बाईंनी घर लख्ख केलं होतं, मशीनवर नवी चादर टाकली होती. पाहुण्यांना बसवलं आणि स्वतः कोपऱ्यात उभ्या राहिल्या. कुणाला कुणाचं बोलणं कळत नव्हतं, मी इकडचं तिकडे करत होतो.

धाकटी इकडे-तिकडे बघत होती. बाईंच्या शिवणाच्या डब्यात फॉलच्या कापडाच्या लाल पट्ट्या पडल्या होत्या. तिने दोन उचलल्या, बाईंकडे आली, पट्ट्या त्यांच्या हातात दिल्या आणि त्यांच्याकडे पाठ करून खाली बसली. डॉक्टरबाईंनी मला सांगितलं, ती रोज हिच्या वेण्या घालून द्यायची, तशा दुसऱ्या कुणाला जमत नाहीत. मी ते मराठीत सांगायच्या आत आई खाली बसली होती. दोन वेण्या, वर दुमडून, कानामागे लाल गाठी. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोरींच्या असतात तशा. सोनेरी केस निसटत होते म्हणून बाईंनी सवयीने गाठ करकचून आवळली.

“आई गं,” धाकटी म्हणाली.

बाईंचे हात थांबले. ते ‘आई गं’ व्हिएन्नाचं नव्हतं. वेणी घालून घेताना जन्मभर कुणीतरी त्यांच्यापुढे बसून तसंच म्हणत आलं होतं. बराच वेळ त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून बसल्या. मग दुसरी गाठ सैल बांधली.

निघताना त्या दारापर्यंत येतील असं वाटलं होतं. त्या धाकटीचा हात धरून गल्लीत उतरल्या. गाडी पुढे मकई दरवाजाच्या बाजूला उभी होती, तिथपर्यंत चालत निघाल्या. काकू खिडकीत होत्याच. त्यांनी हाक मारली, काय हो, पाहुणे कोण? कंपनीचे का?

आई थांबली. भाजीचा गाडा तिथेच होता, खाला दारात बसल्या होत्या, दोन-चार जण ओट्यावर होते. मी जीव मुठीत धरून उभा.

“कंपनीचे नायत,” बाई म्हणाल्या. “माझ्या पोरीनं सांभाळलेली पोरं हायत ही. ती ऑपरेटर नव्हती कधी. पोरं सांभाळायची.” मग धाकटीच्या वेण्या सगळ्यांना दिसाव्यात म्हणून तिला जरा पुढे सरकवलं. “बघा, कशी सांभाळलीत.”

खाला म्हणाल्या, “माशाल्ला.” तेवढ्यात आपण निघालो असं धाकटीला वाटलं. व्हिएन्नाच्या घरात दर सुट्टीला दारातून निघताना जो शब्द ऐकला, तो तिच्या लेखी मराठीतला निरोप. तिने काकूंकडे बघून हात हलवला, गोड हसली आणि अगदी स्वच्छ म्हणाली, “बघून घेते.”

काकू एकदम मागे सरकल्या. “काय म्हणाली हो ती?” त्यांनी मला विचारलं.

मी उभा जन्म एकाचं बोलणं दुसऱ्याला समजावून देत आलो आहे. या वेळी म्हटलं, “मराठीच आहे, काकू.”

गाडी दरवाजाच्या कमानीतून बाहेर पडेपर्यंत बाई हात हलवत उभ्या राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडे फोन मागितला, पोरीला निरोप धाडायचा होता. कुठे दाबायचं ते मी दाखवलं. इतक्या लांबच्या गावात ऐकू जायला हवं म्हणून त्या भर गल्लीत मोठ्याने बोलल्या, “मी सांगितलं गं. सगळ्यांसमोर सांगितलं.”